फ्लूच्या लशीतलं ‘अ‍ॅड्जुव्हंट’: नौपाड्यातल्या दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना उजाडला की माझ्या दवाखान्यात फ्लूच्या लशीची चौकशी सुरू होते. पूर्वी प्रश्न एकच असायचा: "डॉक्टर, घ्यावी का?" आता तो बदलला आहे. "अ‍ॅड्जुव्हंटवाली आहे का?" असं लोक विचारतात. परदेशातल्या मुलांनी फोनवर सांगितलेलं असतं, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर काहीतरी फिरत असतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने हाच प्रश्न विचारला. वय ७२, जुना मधुमेह. सगळा नौपाडा त्यांना बाईच म्हणतो. न्यू जर्सीतल्या मुलाने बजावलं होतं, "आई, साधी घेऊ नकोस, अ‍ॅड्जुव्हंटवाली माग." मी म्हणालो, "चौकशी करतो." ठाण्यातल्या, वाशीतल्या औषधांच्या दुकानांत फोन झाले. लस मिळाली नाही. शोधाशोधीत जून गेला, जुलैही गेला. ऑगस्टमध्ये बाई तापाने फणफणल्या, न्यूमोनिया झाला, आठ दिवस रुग्णालयात काढले. साधी लस त्या सगळ्या काळात माझ्या फ्रिजमध्ये होती. ती घेतली असती तर आजार टळलाच असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ती पहिल्या दिवशीच टोचायला हवी होती, हे मला आजही लागून राहिलं आहे.

म्हणून ही उत्तरं नीट लिहून ठेवतो आहे.

अ‍ॅड्जुव्हंट म्हणजे नेमकं काय?

लशीत दोन कामं असतात. एक, शत्रूची ओळख पटवणं. त्यासाठी विषाणूचा एखादा निरुपद्रवी तुकडा पुरतो; फ्लूच्या बाबतीत तो मुख्यतः विषाणूच्या अंगावरचा हिमॅग्लुटिनिन नावाचा प्रथिनाचा काटा. दुसरं काम, हा तुकडा दखल घेण्याजोगा आहे हे शरीराला पटवणं. आपल्या शरीरात रोज कितीतरी परकी प्रथिनं येतात-जातात. प्रत्येकावर शरीर धावून गेलं तर जगणं कठीण होईल. म्हणून नुसतं परकं असणं पुरत नाही, सोबत धोक्याची काही खूण असावी लागते. ती खूण देणारा पदार्थ म्हणजे अ‍ॅड्जुव्हंट. लॅटिनमधल्या ‘मदत करणे’ या क्रियापदावरून हा शब्द आला. मराठीत सहायक द्रव्य म्हणता येईल, पण दवाखान्यात कुणी तसं म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

गावात दवंडी पिटली की लोक घराबाहेर येतात. काय झालंय ते नंतर कळतं, आधी सगळे जमतात. अ‍ॅड्जुव्हंटचं काम त्या दवंडीचं. कोणाविरुद्ध उभं राहायचं हे मात्र लशीतला विषाणूचा तुकडाच सांगतो. नुसती दवंडी टोचून कुणालाही फ्लूपासून संरक्षण मिळत नाही.

हे सुचलं कसं?

घोड्यांमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घटसर्पावरचं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून काढत. परळच्या हाफकिनचं सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्यांपासून तयार होतं, तसंच. फ्रान्समध्ये गास्तों रामों नावाचा पशुवैद्य हे काम करायचा. त्याच्या लक्षात आलं की ज्या घोड्यांना सुईच्या जागी गळू होतं, त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडतं. मग त्याने मुद्दाम सूज आणणारे पदार्थ मिसळून पाहिले: पावाचा चुरा, टॅपिओका. टॅपिओका म्हणजे ज्या कंदाच्या पिठापासून आपला साबुदाणा बनतो, तेच. १९२५च्या सुमारास त्याने हे मांडलं.

पुढच्याच वर्षी, १९२६ साली, इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनीने घटसर्पाच्या निष्प्रभ विषात तुरटी घातली आणि परिणाम कैकपटींनी वाढला. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायची ती आपल्या आजीची तुरटी. तिथून पुढे अ‍ॅल्युमिनियमचे क्षार जवळजवळ सत्तर वर्षं लशींमधलं एकमेव सर्वमान्य अ‍ॅड्जुव्हंट राहिले. ते काम का करतात हे मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं. चार्ल्स जेन्वे या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये आपल्याच शास्त्राला हे उघडपणे सुनावलं, आणि त्यानंतर कुठे शरीर धोका कसा ओळखतं याचा खरा शोध सुरू झाला.

फ्लूच्या लशीत कोणतं अ‍ॅड्जुव्हंट असतं?

बहुतेक फ्लूच्या लशींत कोणतंच नसतं. जिथे असतं तिथे प्रामुख्याने एमएफ५९. स्क्वालीन नावाच्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात एकजीव केलेले असतात. पिशवीतलं होमोजनाइज्ड दूध आठवा: स्निग्धांशाचे थेंब इतके बारीक केलेले की वर साय येत नाही. एमएफ५९ त्याच जातीचं मिश्रण, थेंब मात्र कितीतरी बारीक. म्हणूनच ही लस सिरिंजमध्ये दुधट पांढरी दिसते आणि साधी लस जवळजवळ पाण्यासारखी. ‘फ्लूॲड’ नावाने ती पहिल्यांदा १९९७ मध्ये इटलीत मान्य झाली. अमेरिकेत मान्यता मिळायला २०१५ साल उजाडलं, तेही ६५ वर्षं आणि पुढच्या वयासाठी.

दुसरं नाव ऐकाल ते एएस०३. त्यात स्क्वालीनबरोबर ई जीवनसत्त्वाचा एक प्रकारही असतो. २००९च्या स्वाइन फ्लूच्या वेळी युरोपात आणि कॅनडात ते मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं. त्याबद्दल पुढे बोलू.

तुरटीच्या कुळातली अ‍ॅड्जुव्हंट फ्लूच्या बाबतीत फारशी चमकली नाहीत. धनुर्वात, घटसर्प, हिपॅटायटिस बी यांत ती उत्तम चालतात, इथे चालत नाहीत. प्रत्येक लशीला प्रत्येक अ‍ॅड्जुव्हंट लागू पडत नाही.

सुई टोचल्यावर आत काय घडतं?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, पण सगळी गंमत इथेच आहे.

दंडाच्या स्नायूत एमएफ५९ शिरलं की काही तासांत तिथल्या पेशी अस्वस्थ होतात. एटीपी हा पेशीच्या आत राहणारा, ऊर्जा पुरवणारा रेणू. तो थोडासा बाहेर सांडतो. पेशीच्या बाहेर एटीपी दिसणं हीच शरीराच्या दृष्टीने धोक्याची खूण. मग त्या जागेवरून केमोकाइन नावाचे रासायनिक निरोप सुटतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होऊ लागतात: न्यूट्रोफिल, मोनोसाइट, आणि पाठोपाठ डेन्ड्रायटिक पेशी. या शेवटच्या सर्वांत महत्त्वाच्या. त्यांचं काम पुरावा उचलून योग्य ठिकाणी सादर करण्याचं.

पूर्वी समजूत होती की अ‍ॅड्जुव्हंट लशीला स्नायूत धरून ठेवतं आणि ती हळूहळू झिरपत राहते. एमएफ५९च्या बाबतीत ते खरं ठरलं नाही. ते लवकरच तिथून निघून जातं. त्याचा प्रभाव साठ्यात नसतो, त्याने जमवलेल्या पेशींमध्ये असतो.

या पेशी विषाणूचा तुकडा घेऊन काखेतल्या लसिका गाठीत जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ते अवधाण म्हणजे हीच गाठ कामाला लागलेली. गाठीच्या आत अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी आणि त्यांना मदत करणाऱ्या टी-पेशी यांची गाठभेट होते. ज्या बी-पेशीची पकड विषाणूच्या तुकड्यावर बसते तिला मदतनीस टी-पेशी पुढे जाऊ देतात. मग ती बी-पेशी वाढते, स्वतःच्या अँटीबॉडीत बारीकसे बदल करते, पुन्हा पकड तपासली जाते, पुन्हा निवड होते. काही आठवडे ही चाळणी चालू राहते. जिथे हे घडतं त्या जागांना जर्मिनल सेंटर म्हणतात. अ‍ॅड्जुव्हंट असलं की मदतनीस टी-पेशी जास्त मिळतात, ही केंद्रं मोठी होतात आणि टिकतातही.

याचे परिणाम दोन. अँटीबॉडी जास्त तयार होतात, हा पहिला. दुसरा मला जास्त मोलाचा वाटतो: अँटीबॉडी अधिक तऱ्हेच्या होतात. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप थोडं बदलतो. अँटीबॉडी एकाच कोपऱ्याला पकडणारी असेल तर तो कोपरा बदलला की ती निकामी. एमएफ५९ दिलेल्या लोकांच्या रक्ताच्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या अँटीबॉडी हिमॅग्लुटिनिनच्या काट्यावर जास्त ठिकाणी बसतात, विशेषतः त्याच्या माथ्यावर, जिथे पकड बसली की विषाणूला पेशीत शिरणं अवघड होतं. त्यामुळे लशीतला आणि हवेतला विषाणू तंतोतंत जुळला नाही तरी काही पकड शिल्लक राहते.

इतकं चांगलं असेल तर सगळ्यांच्याच लशीत का घालत नाहीत?

कारण बहुतेक धडधाकट प्रौढांना त्याची फारशी गरज पडत नाही. तिशी-चाळिशीच्या माणसाला आयुष्यात फ्लू कधी ना कधी झालेलाच असतो. त्याच्या शरीरात स्मृतिपेशी आहेत. साध्या लशीतला तुकडा दिसला की ओळखीचा चेहरा म्हणून त्या लगेच उठतात. जागा असलेल्याला दवंडी कशाला?

जुन्या फ्लूच्या लशींत अख्खा मारलेला विषाणू असायचा. विषाणूच्या पोटातला आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, हा स्वतःच एक नैसर्गिक अ‍ॅड्जुव्हंट आहे. शरीर त्याला पाहून चवताळतं. पण त्या लशींनी मुलांना ताप फार यायचा. म्हणून विषाणू फोडून, गाळून, फक्त हवं ते प्रथिन ठेवायची पद्धत आली. लस सौम्य झाली, आणि काही लोकांसाठी जरा जास्तच शांत. आज आपण अ‍ॅड्जुव्हंट घालतो ते एका अर्थी त्या गाळण्यात गेलेलं भरून काढण्यासाठी.

साठी-पासष्टीनंतर साधी लस कमी का पडते?

छातीच्या मध्यभागी, हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. नव्या टी-पेशी तिथे शिकून तयार होतात. तरुणपणापासूनच ती आक्रसायला लागते आणि म्हातारपणी तिथे बहुतांश चरबी उरते. नव्या टी-पेशींची आवक घटते. लसिका गाठींतली जर्मिनल केंद्रं लहान होतात. पुरावा वाहून नेणाऱ्या पेशी मंदावतात. त्यात शरीरभर एक बारीक, धुमसती सूज कायम असते; मधुमेह आणि पोटाची चरबी तिला खतपाणी घालतात. त्या गोंगाटात लशीचा क्षीण आवाज नीट ऐकू जात नाही.

यावर आज तीन उपाय वापरात आहेत. अ‍ॅड्जुव्हंट घालणं, हा एक. प्रथिनाची मात्रा चौपट करणं, हा दुसरा: साध्या लशीत प्रत्येक विषाणूमागे १५ मायक्रोग्रॅम असतं, उच्च मात्रेच्या लशीत ६०. तिसरा, अंडी न वापरता पेशींत तयार केलेल्या प्रथिनाची, ४५ मायक्रोग्रॅमची लस. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने जून २०२२ मध्ये ६५च्या पुढच्यांना या तिन्हींपैकी कोणतीही एक आधी द्यावी असं सांगितलं. त्याच शिफारशीत पुढे असंही आहे की यांतली कुठलीच हाताशी नसेल तर वयाला चालणारी दुसरी कोणतीही लस द्या, संधी दवडू नका. बाईंच्या मुलाने पहिलं वाक्य ऐकलं होतं. दुसरं मी तरी त्याला सांगायला हवं होतं.

म्हणजे फायदा नेमका किती?

अँटीबॉडी मोजल्या तर ज्येष्ठांमध्ये अ‍ॅड्जुव्हंटवाल्या लशीने त्या साध्यापेक्षा जास्त मिळतात, यावर फारसा वाद नाही. पण अँटीबॉडी म्हणजे संरक्षण नव्हे. प्रयोगशाळेत अँटीबॉडीच्या मोजणीत ४० हा आकडा उंबरठा मानतात, आणि त्याचाही अर्थ एवढाच की तिथे पोचलेल्यांत आजाराचा धोका साधारण निम्म्याने कमी होतो. अमेरिकेने २०१५ मध्ये मान्यता दिली ती अँटीबॉडीच्या आकड्यांवरच, वेगवान मार्गाने.

रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण पाहणारे अनेक अभ्यास झाले आहेत. त्यांत अ‍ॅड्जुव्हंटवाली लस साध्यापेक्षा सरस दिसते, पण फरक माफक आहे आणि हंगामागणिक बदलतो. यांतले बरेचसे नुसते निरीक्षणाचे अभ्यास. कोणी कोणती लस घेतली हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. उच्च मात्रेच्या लशीशी तुलना केली तर कोणी एक निर्विवाद जिंकलेलं नाही.

माझं मत विचाराल तर असं: सगळ्या लशी समोर असतील तर ६५च्या पुढे मी अ‍ॅड्जुव्हंटवाली किंवा उच्च मात्रेची निवडेन. पण ‘चांगली’ आणि ‘साधी’ यांतलं अंतर लहान आहे, आणि ‘साधी’ आणि ‘काहीच नाही’ यांतलं अंतर मोठं.

लहान मुलांना दिली तर?

तान्ह्या बाळाने फ्लू पाहिलेलाच नसतो, तेव्हा जागवायला स्मृती नाही. म्हणून तर लस पहिल्यांदा घेतात त्या वर्षी साध्या लशीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने द्यावे लागतात. तर्काने इथे अ‍ॅड्जुव्हंट कामी यायला हवं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत सहा महिने ते सहा वर्षं वयात एमएफ५९वाल्या लशीची परिणामकारकता ८६ टक्के आली, साध्या लशीची ४३. आकडे पाहून सगळे हरखले. पुढे २०१८च्या मोठ्या चाचणीत एकूण मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. दोन वर्षांखालच्यांत मात्र दिसला. कॅनडात सहा महिने ते दोन वर्षं या वयासाठी तशी लस मान्य आहे. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञ साधीच देतात, आणि ती द्यावी.

ठाणे-नवी मुंबईत अ‍ॅड्जुव्हंटवाली फ्लूची लस मिळते का?

आपल्या दवाखान्यांत नेहमी येणाऱ्या फ्लूच्या लशी साध्या आहेत, अ‍ॅड्जुव्हंटविना. खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदावर घटक छापलेले असतात. एमएफ५९ किंवा स्क्वालीन असेल तर तिथे लिहिलेलं असतंच. कुणी ‘स्पेशल, इम्पोर्टेड, सीनियर सिटिझनसाठी’ म्हणून जास्त पैसे सांगत असेल तर तो कागद मागा आणि वाचा. तो तुमचा हक्क आहे.

सरकारी राष्ट्रीय लसीकरणाच्या यादीत फ्लूची लस नाही. जोखमीच्या गटातल्यांसाठी काही सोय आहे का, हे महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जरूर विचारावं.

मुलगा अमेरिकेहून येतोय, बॅगेतून आणू दे का?

नको. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. वीस-बावीस तासांचा प्रवास, विमानाच्या सामानकक्षात गोठण्याची शक्यता, पुढे मे महिन्यातल्या घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर गाडीत. थिजलेलं आणि विरघळलेलं तेल-पाण्याचं मिश्रण पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. तुरटीच्या जातीचं अ‍ॅड्जुव्हंटही गोठलं की गुठळ्या धरतं आणि हलवून ठेवल्यावर भराभर तळाशी बसतं. आरोग्य सेविका कुपी हलवून हीच परीक्षा करतात. बर्फाच्या अगदी शेजारी लस ठेवू नये ती त्यासाठीच. प्रेमाने आणलेली लस टोचायला मी नकार दिला की लोकांना वाईट वाटतं. मलाही वाटतं.

त्यात शार्क माशाचं तेल असतं म्हणतात. आम्ही शाकाहारी आहोत.

खरं आहे. एमएफ५९मधलं स्क्वालीन शार्कच्या यकृतातून काढलेलं असतं. शुद्ध केलेलं, एका डोसमध्ये ९.७५ मिलिग्रॅम, पण उगम तो. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर हेही माहीत असावं की स्क्वालीन आपल्या शरीरातच तयार होतं. यकृत कोलेस्टेरॉल बनवताना वाटेत ते बनवतं. त्वचेवरच्या तेलकटपणातही ते असतं. ऑलिव्हच्या तेलात आणि आपल्या उपासाच्या राजगिऱ्याच्या तेलात ते सापडतं. शार्कच्या जिवावर न उठता वनस्पतींपासून किंवा किण्वनातून ते मिळवण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते यशस्वी व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

साध्या लशीचंही सांगून टाकतो: बहुतेक फ्लूच्या लशी कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बनतात. कुणाला यामुळे घ्यायची नसेल तर मी वाद घालत नाही. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वतीने हा निर्णय मुला-सुनांनी परस्पर घेऊ नये.

स्क्वालीनने सैनिक आजारी पडले, असं वाचलं.

आखाती युद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या तक्रारींचा संबंध अँथ्रॅक्सच्या लशीतल्या स्क्वालीनशी जोडला गेला होता. त्या लशीत स्क्वालीन घातलेलंच नव्हतं. रक्तात स्क्वालीनविरोधी अँटीबॉडी सापडल्या म्हणतात, पण त्या लस कधीच न घेतलेल्या लोकांतही सापडतात.

आणि झोपेचा आजार? तो तरी खरा ना?

तो खरा. २००९-१० मध्ये युरोपात सुमारे तीन कोटी लोकांना ‘पँडेमरिक्स’ ही एएस०३वाली स्वाइन फ्लूची लस दिली गेली. ऑगस्ट २०१०पासून फिनलंड आणि स्वीडनमध्ये डॉक्टरांना दिसू लागलं की लहान मुलांत आणि किशोरवयीनांत नार्कोलेप्सी वाढली आहे: दिवसा अनावर झोप, हसताना अचानक गुडघे लुळे पडणं. तपास झाला, संबंध मान्य झाला. प्रमाण अत्यंत कमी होतं, पण ज्या घरात ते घडलं त्यांच्यासाठी ते शंभर टक्केच.

दोष अ‍ॅड्जुव्हंटचा की विषाणूच्या प्रथिनाचा, यावर अजून काथ्याकूट चालतो. बाधित मुलांत जवळजवळ सगळ्यांकडे एक विशिष्ट जनुकीय ठेवण होती. कॅनडात वापरलेल्या लशीत एएस०३ हेच अ‍ॅड्जुव्हंट होतं, तिथे धोका बराच कमी दिसला. बीजिंगमध्ये तर लस न घेतलेल्यांतही स्वाइन फ्लूच्या साथीनंतर नार्कोलेप्सी वाढली होती. त्यामुळे एकट्या अ‍ॅड्जुव्हंटवर ठपका ठेवता येत नाही. एमएफ५९चा असा संबंध आढळलेला नाही. पँडेमरिक्स आता वापरात नाही, आणि आपल्या फ्रिजमधल्या साध्या लशीत यातलं काहीच नाही.

साथ आली तर अ‍ॅड्जुव्हंटचा उपयोग काय?

ऑगस्ट २००९ आठवा. पुण्यात पहिला मृत्यू झाला आणि आठवडाभरात ठाणे स्टेशनवर निम्मे चेहरे रुमालाने झाकलेले. तपासणीसाठी लोक मुंबईत कस्तुरबा रुग्णालयाबाहेर रांगेत उभे. लस तेव्हा नव्हतीच. पहिली भारतीय लस जून २०१०मध्ये आली. नव्या विषाणूच्या वेळी सगळ्यांचीच अवस्था तान्ह्या बाळासारखी होते, स्मृती कुणालाच नसते. आणि लस बनते अंड्यांत, एका वेगाने, ठरावीक प्रमाणात.

बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूविरुद्ध साधी लस करून पाहिली तेव्हा ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस देऊनही जेमतेम निम्म्या लोकांत अपेक्षित अँटीबॉडी तयार झाल्या. एएस०३ घातल्यावर ३.८ मायक्रोग्रॅमचे दोन डोस पुरले. जितक्या मालात एका माणसाचं धड भागत नव्हतं तितक्यात वीसहून जास्त माणसांचं भागतं. लोकसंख्या पाहता आपल्या देशाला याचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको. हंगामी फ्लूत अ‍ॅड्जुव्हंट ही सोय आहे; साथीत ती गरज ठरेल.

मी आजवर अ‍ॅड्जुव्हंट कधीच घेतलेलं नाही ना?

घेतलं असण्याचीच शक्यता जास्त. धनुर्वाताच्या इंजेक्शनात असतं. बाळांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीत, असतं. कोव्हॅक्सिनमध्ये तुरटीच्या कुळातलं द्रव्य आणि त्यावर चिकटवलेला आणखी एक उत्तेजक रेणू होता. नागिणीवरच्या शिंग्रिक्समध्ये चिलीतल्या एका झाडाच्या सालीचा अर्क असतो, आणि ती लस सत्तरीतही जोरदार चालते ती बऱ्याच अंशी त्यामुळेच. कोविशील्डमध्ये वेगळं अ‍ॅड्जुव्हंट नव्हतं. त्यातला वाहक विषाणूच ते काम करायचा.

दंड जास्त दुखला म्हणजे लस जास्त लागू पडली का?

नाही. अ‍ॅड्जुव्हंटवाल्या लशीने दुखणं, लाली, कणकण थोडी जास्त असते, कारण पेशी जमवण्यासाठी थोडी सूज लागतेच. पण एकाचा दंड दुखला आणि दुसऱ्याचा नाही, यावरून अँटीबॉडीचा अंदाज बांधता येत नाही. आधीच पॅरासिटामॉल घेऊन येऊ नका. नंतर अंग दुखलं तर खुशाल घ्या.

संधिवात, थायरॉइड असे ऑटोइम्यून आजार असतील तर?

फ्लूची मारलेली, म्हणजे जिवंत विषाणू नसलेली, साधी लस घ्यावी. अशा रुग्णांना फ्लूचाच धोका अधिक. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असेल तर लशीनंतर दोन आठवडे ते थांबवल्याने अँटीबॉडी चांगल्या तयार होतात, असं दिसलं आहे. मात्र गोळी थांबवायची की नाही हे तुमच्या संधिवाततज्ज्ञांनी ठरवायचं. परस्पर थांबवू नका.

गरोदरपणी?

साधी, मारलेली लस. कोणत्याही महिन्यात. जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने आईच्या अँटीबॉडी मिळतात.

घ्यायची कधी?

आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. जानेवारी-मार्चमध्ये दुसरी, लहान लाट. लशीला काम सुरू करायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून मे, फार तर जूनचा पहिला आठवडा. त्या वर्षीचीच लस आहे ना, हे खोक्यावर पाहा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, विषाणूंची यादी नव्याने ठरवते. गेल्या वर्षी घेतलेली यंदा पुरत नाही.

न्यूमोनियाची लस त्याच दिवशी चालेल का?

चालेल. एक डाव्या दंडात, एक उजव्या.

बाई आता कशा आहेत?

हे आमच्या गल्लीत अजून विचारतात. बऱ्या आहेत. पायऱ्या चढताना पूर्वीसारखा दम राहिला नाही, तलावपाळीची चक्कर अर्धी झाली आहे. गेल्या मे महिन्यात दहा तारखेलाच आल्या, पदर बाजूला करून म्हणाल्या, "डॉक्टर, फ्रिजमध्ये जी असेल ती द्या." दिली. मीही त्याच दिवशी घेतली, तीच साधी.